लक्ष खिळवून ठेवणारा पाठ

या खेपेला बाई प्रमाणपत्र घेऊनच येणार होत्या! शाळेत कायम व्हायचं तेवढ्या एका कागदापायी अडलं होतं. पहिल्या प्रशिक्षणाच्या वेळी बाळाला ताप, दुसऱ्याच्या वेळी दात. आता मात्र बाळ आजीपाशी आणि बाई थेट पहिल्या बाकावर! विषय होता 'वर्गाचं लक्ष कसं खिळवून ठेवावं'. प्रत्येकीनं छोटासा पाठ घ्यायचा, शिक्षण खात्याच्या साहेबांनी तो पाहायचा आणि तिथल्या तिथे प्रमाणपत्रावर सही ठोकायची. बस्स!

साहेब नेमके बाईंच्याच शेजारी येऊन बसले. बाईंचा नंबर अगदी शेवटचा. बाकीच्यांचे पाठ आटोपत आले तशा त्या ओठांतल्या ओठांत उजळणी करू लागल्या, "मुलांनो, पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात..." आणि हात? बाळंतपणापासून सवय लागलेला हात तो, गप्प थोडाच बसतोय! मांडीवरच्या पिशवीला थोपटू लागला.

मागून चित्रकलेच्या बाईंनी चिमटा काढला.

"अगं, काय चाललंय तुझं?"

"उजळणी."

"साहेबांच्या कोपरावर?"

बाईंनी खाली पाहिलं. पिशवी केव्हाच घसरून पायाशी पडली होती! आणि साहेब? मान छातीवर, तोंड उघडं, घोरणं जुन्या गिरणीसारखं!

"उठवा ना कुणीतरी!" बाई रडकुंडीला आल्या.

"मी? मला बदली नकोय!" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

"सर, तुम्ही तरी..."

प्रशिक्षकांनी हात जोडले. "बाकीच्यांच्या सह्या झाल्यात, बाई. तुमच्या एकटीसाठी वाघाला कोण डिवचणार? घ्या पाठ, पण जरा हळू आवाजात!"

बाईंनी जीव ओतून पाठ घेतला. ढगापर्यंत पोचताना आवाज चढला, तर अख्खा वर्ग ओरडला, "श्श!"

शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा साहेब दचकून जागे झाले. "वा, छान! झालं सगळ्यांचं?"

"साहेब, माझी सही..."

"तुमचा पाठ मी पाहिला कुठं? न पाहता सही करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पुढच्या वर्षी या!" पेन खिशाला लावून ते वाकले आणि हळूच म्हणाले, "तेव्हाही माझ्या शेजारीच बसा हं. फार दिवसांनी अशी झोप लागली!"

बाई घरी पोचल्या तर दारातच सासूबाई बाळाला घेऊन उभ्या. "घे गं बाई याला! दिवसभर डोळ्याला डोळा नाही. कागद मिळाला?"

"नाही हो, आई."

बाईंनी बाळाला कुशीत घेतलं, थोपटलं. बाळ आपलं टकामका बघतंय! हात भरून आला. साहेबाला आडवं करणारा हात पोटच्या पोराला लागू पडेना! बाईंचे डोळे डबडबले.

"निदान तू तरी बघ रे माझा पाठ."

बाळ खरंच एकटक बघू लागलं. बाईंना हुरूप आला. हात बाजूला ठेवून, घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, "मुलांनो, पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात..."

ढग जमायच्या आत बाळ गाढ झोपलं.

म्हणजे बिचाऱ्या हाताचा काहीच दोष नव्हता तर!