डेटाबेसची आरोपी

"कोणते लेख पाहिजेत त्यांची नावं आधी लिहून दे. मग पासवर्ड."

"सर, नावं शोधल्यावरच कळणार ना?"

"नियम मी केलेला नाही," काशिराम सर म्हणाले. ते पनवेलच्या एका लॉ कॉलेजचे ग्रंथपाल. नियम त्यांनीच केला होता.

मोऱ्यांची कोमल एलएलएमच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय घेतला होता कच्चे कैदी, म्हणजे खटला न चालताच वर्षानुवर्षं तुरुंगात सडणारी माणसं. शनिवारपर्यंत दहा संशोधन-लेख छापून जोडायचे, नाहीतर प्रबंध बाद आणि वर्ष वाया. कॉलेजकडे फौजदारी न्यायावरच्या लेखांचा महागडा डेटाबेस होता. तो तपासणी समितीला दाखवायला घेतलेला. समिती जेवून गेली आणि त्या कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं कव्हर चढलं. विद्यार्थ्यांनी तो वापरावा असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मंगळवारी कोमलने दहा नावं मनाने रचून लिहून दिली. सरांनी ती समाधानाने वाचली, सही केली आणि वीस मिनिटं दिली. तेवढ्यात तिला चौदा लेख सापडले. पण छापायला प्राचार्यांची वेगळी परवानगी लागायची, आणि प्राचार्य दिल्लीला. ती उठली तशी सरांनी स्क्रीनवर तिने काय काय शोधलं त्याची यादी वाचली.

"जेलमधून पळून जाणं? हे कशाला गं?"

"कोण पळतं, का पळतं, त्यावर लेख आहेत सर."

"कोठडीत मारहाण, पोलिसांची लाच... घरचं कोणी आत आहे का?"

"नाही हो!"

"आणि यातला एकही लेख तुझ्या अर्जात नाही. परवानगी एकाची, उघडलंस दुसरंच!"

बुधवारी उपप्राचार्या सुनीता मॅडमनी तिचं ओळखपत्र काढून घेतलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला लायब्ररी बंद.

"चौकशी कधी आहे, मॅडम?"

"सदस्य मिळाले की."

"तोवर मला शिक्षा? मॅडम, माझा विषयच हा आहे."

"मग सरावच होईल तुला."

घरी आई, कृष्णाबाई, मासळी निवडत बसली होती. "आमी कुनाचा मावरा कधी चोरला नाय. तू कागद कशाला चोरलंस?"

"चोरले नाय गं आये, वाचले."

"मंग वाचल्यावर कसली चौकशी? कॉलेज हाय का काय हाय?"

शुक्रवारी चौकशी समिती बसली. सुनीता मॅडम आणि दोन प्राध्यापक. तिघंही वीस वर्षं फौजदारी कायदा शिकवणारे. टेबलावर काशिराम सरांनी भलामोठा गठ्ठा आपटला. चौदाच्या चौदा लेख, अथपासून इतिपर्यंत छापलेले. पुराव्यासाठी प्राचार्यांची परवानगी लागत नव्हती. संशयास्पद शब्दांखाली लाल रेघा मारलेल्या.

कोमल गठ्ठ्याकडे बघतच राहिली.

"हा माझ्याविरुद्धचा पुरावा?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"सगळा?"

"एक पान सोडलेलं नाही," सर अभिमानाने म्हणाले. "दोन दिवस बसलोय."

"मग आरोपीला याची प्रत मिळायला पाहिजे. फुकट. तुम्हीच शिकवलंत, मॅडम."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न ते दर वर्षी पेपरात काढत. नाही म्हणायची सोय नव्हती. झेरॉक्स झाली, पानापानावर 'खरी प्रत' असा शिक्का बसला. कोमलने पोच दिली आणि शनिवारी अकरा वाजता लाल रेघांसकट गठ्ठा जमा केला. प्रबंधाच्या गाइडने रेघा बघितल्या. म्हणाले, "वाचलेलं दिसतंय. असं काम हवं."

चौकशी अजून चालूच होती. पुढची तारीख ठरायची होती.

सोमवारी लायब्ररी उघडली तर दारातच एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाचा यासीन उभा.

"सर, शनिवार को मैंने भी बहुत खतरनाक सर्च किया. जामीन, फरारी, सगळं. अर्जात एक पण नव्हतं. आजच्या आज चौकशी लावा ना, प्लीज. गुरुवारी जमा करायचंय."

त्याच्या मागे आणखी सहा आरोपी रांगेत होते.