गेलेल्या दिवसांची रजा

सरकारी नोकराला दुःख होण्यास शासनाची हरकत कधीच नव्हती. ते कोणत्या सदराखाली होणार आहे एवढे त्याने वेळेवर कळवावे, इतकीच माफक अपेक्षा असे. सदर सापडले की दुःख मंजूर होते, त्यावर शिक्का बसतो आणि माणूस ते करायला मोकळा होतो. सदर सापडले नाही तर दुःख झालेच नाही असे धरून कामाला लागायचे. व्यवस्था सोयीची आहे, आणि तिला नावे ठेवणाऱ्यांनी तिच्याहून स्वस्त व्यवस्था अद्याप सुचवलेली नाही.

बुऱ्हाणपूरच्या संकीर्ण नोंदी कार्यालयातला कनिष्ठ लिपिक वामन बडगुजर हे सारे जाणून होता. तो नोकरीत कायम झालेला होता, म्हणजे समजूतदार होता. तरीही १९५७च्या दिवाळीआधी त्याच्या हातून चूक झाली. त्याची बायको निर्मला चौथ्या महिन्यात होती. तिचा गर्भ गेला, आणि वामनला घरी थांबावेसे वाटले.

खरे तर असे वाटायला काही आधार नव्हता. वर्षापूर्वी पहिल्या खेपेस हेच झाले, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर होता आणि त्याबद्दल कार्यालयात त्याचे कौतुकही झाले होते. संध्याकाळी घरी आला तर निर्मला सकाळी बसली होती तिथेच बसलेली, चूल गार. त्या दिवसाबद्दल दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत. या खेपेस मात्र तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली. निर्मला दापोऱ्याच्या केळीवाल्या घरची मुलगी. काही मागून घ्यायची तिला सवय नव्हती.

"ह्या खेपेले जाऊ नका," ती म्हणाली. "काही करू नका. नुसते बसा माह्याजवळ."

एवढेच तिचे म्हणणे होते. सरकारी भाषेत सांगायचे तर मागणी बिनखर्चाची होती.

पण वेळ नाजूक होती. नवे मध्य प्रदेश राज्य होऊन वर्षही लोटले नव्हते. चार तुकडे जोडून ते केलेले. नागपूरची राजधानी जाऊन भोपाळची आली होती, मराठी कागद जाऊन हिंदी कागद येत होते, आणि चारही तुकड्यांचे कारकून, कपाटे व रजेचे नियम एका जागी आणण्याचे काम चालू होते. याला एकीकरण म्हणत. कारकून लवकर एक झाले (सगळ्यांनाच चहा लागत असे). कपाटांना थोडा वेळ लागला, कारण किल्ल्या दुसऱ्या तुकड्यात होत्या. रजेचे नियम मात्र एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

वामनने बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, अनंतरावांपुढे उभे राहून चार दिवसांची रजा मागितली. अनंतराव हे त्या कार्यालयाचे भूषण. त्यांच्या टेबलावरून कुठलाही कागद नियमाशिवाय पुढे सरकला नव्हता, आणि बरेचसे नियमासहही सरकले नव्हते.

"कोण वारलं?" अनंतरावांनी विचारले.

"वारलं असं... म्हणजे हो. नाही."

"मृत्यूचा दाखला?"

"तो मिळत नाही साहेब. जन्मच नाही झाला."

अनंतरावांनी चष्मा काढला. "भई वामन, नीट पाहा. कोणी जन्मलं नाही, सबब आनंदाची रजा नाही. कोणी मेलं नाही, सबब सुतकाची रजा नाही. आजारी तू नाहीस, घरचं माणूस आहे, आणि ते आपल्या नोकरीत नाही. आता तूच सांग, तुला झालंय काय?"

वामनला सांगता येईना. यात त्याची चूक नव्हती. त्याला काय झाले होते याचे सदर कुठेच नव्हते.

अनंतराव कठोर नव्हते. नियम संपतो तिथे शास्त्र पाहावे असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी विचार करून सांगितले, की अशा प्रसंगी आईला जितके महिने तितके दिवस सुतक असते, बापाला मात्र नुसते स्नान सांगितले आहे. "आंघोळ केलीस ना आज? मग शासनाच्या दृष्टीने तू मोकळा झालास." तरीही माणुसकी म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी अर्धा तास उशिरा येण्याची तोंडी मुभा दिली (स्नानासाठी, ते गरम पाण्याने करावे की थंड, याचा निर्णय वामनवर सोडला होता).

तेव्हा बाजूच्या टेबलावरून शिरोमणिजी बोलले. हे एकीकरणात विंध्याकडून आलेले हिंदी सहायक. मराठी अर्जांचे हिंदी करणे हे त्यांचे काम. त्यांना ऐकून थोडेफार कळे, पण मराठी येत नव्हती, आणि म्हणूनच ते या जागी नेमले गेले होते. मराठी जाणणारा माणूस अर्जदाराची बाजू घेण्याचा धोका असतो. ते म्हणाले, "बडेबाबू, दृष्टांत है. हमारे उधर की एक रियासत में महाराज की हथिनी का गर्भ गिरा था. पूरे दफ़्तर को आधे दिन की छुट्टी मिली थी. सवेतन."

दृष्टांत तोलामोलाचा होता. अनंतरावांनी तो लिहून घेतला, दोनदा वाचला आणि खेदाने बाजूला ठेवला. हत्तीण सरकारी होती. निर्मला खासगी होती.

शेवटी प्रकरण भोपाळच्या मुख्य कार्यालयाकडे पाठवायचे ठरले. वामनने अर्ज लिहायला घेतला, पण 'गर्भपात' हा शब्द चार माणसांच्या हातून जाणार म्हणून त्याचा हात अडला. घरंदाज माणूस लिहील तसे त्याने लिहिले: "माझ्या पत्नीस दिवस गेले होते, ते गेले. तरी चार दिवस मिळावेत." शिरोमणिजींनी शब्दकोश उघडून, एकही शब्द न गाळता, त्याचे हिंदी केले: "मेरी पत्नी को दिन गये थे, वे गये. अतः चार दिन दिये जायें."

भोपाळचे उत्तर विलक्षण चपळाईने दुसऱ्याच आठवड्यात आले. "जो दिन गये, उनकी छुट्टी कैसी? कितने दिन गये, कहाँ गये, और किसकी अनुमति से गये, स्पष्ट करें."

या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वामन रोज कामावर जात होता आणि निर्मला घरी एकटी नव्हती. ती एकटी असती तर परवडले असते. त्यांच्या राजपुऱ्यातली सगळी आळी तिच्या समाचाराला येत होती. आपल्याकडे दुःखितांना एकटे सोडायची पद्धत नाही. येणाऱ्यांचे चार वर्ग पडत. पहिला वर्ग काय खाल्ले, काय उचलले, कुठे ओलांडले याची चौकशी करणाऱ्यांचा. दुसरा, याहून वाईट कुणाचे झाले ते सांगणाऱ्यांचा (हा वर्ग जरा जास्त बसे आणि चहा घेई). तिसरा, तिचे मन रमावे म्हणून कडेवर आपले तान्हे घेऊन येणाऱ्यांचा. चौथ्या वर्गात शेजारच्या धुरपदाबाई एकट्याच होत्या, पण दिवसातून दोनदा येत. "जाऊ दे व माय," त्या म्हणत. "होतं काय अजून? नुसता गोळा. त्याच्यासाठी कोनी असं बसते का?"

पहिल्या आठवड्यात निर्मला सगळ्यांना "हो" म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात तेही म्हणेना. संध्याकाळी वामन आला की ती भिंतीकडे तोंड करून निजलेली असे, आणि त्याने खांद्यावर हात ठेवला तर खांदा आक्रसून घेई. ही आपल्या हातून जाणार, अशी वामनला भीती वाटू लागली. त्याने त्या भीतीत दुसरा अर्ज लिहिला आणि लाजबीज बाजूला ठेवून स्पष्टीकरण केले: "पत्नीच्या पोटातले गेले. ती फार अशक्त झाली आहे. कोणी जवळ असणे आवश्यक."

शिरोमणिजींनी याचेही इमानाने हिंदी केले: "पत्नी के पेट का सब चला गया. अत्यंत दुर्बल."

भोपाळला हे वाचताच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने खुर्ची मागे सरकवली म्हणतात. पेट का सब चला गया, अत्यंत दुर्बल: हैजा! म्हणजे पटकी, कॉलरा. आणि त्या घरचा माणूस रोज कार्यालयात येऊन सरकारी कागदांना हात लावत होता, त्यांपैकी एक कागद आत्ता यांच्या हातात होता. तार आली: लिपिक बडगुजर यांस तत्काळ संसर्ग-रजेवर पाठवा, एकवीस दिवस, पूर्ण पगारी, रजेच्या खात्यात न धरता.

संसर्ग-रजा ही आपल्या सेवानियमांतली अतिशय हळवी तरतूद आहे. घरात कुणाला पटकी, देवी असे काही झाले, तर घरच्या माणसाने घरीच थांबावे आणि त्याचे काही नुकसान होऊ नये, अशी काळजी तीत घेतलेली असते. काळजी अर्थात कार्यालयाची.

"साहेब, पटकी नाही हो," वामन म्हणाला.

अनंतराव एव्हाना व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, नाकाला रुमाल लावून उभे होते. "भोपाळहून पटकी म्हणून आली आहे," ते ओरडून म्हणाले. "तू कोण बदलणारा? दौत तिथंच ठेव आणि घरी जा."

दुपारी साथ-निवारण पथकाचा निंबा जमादार घरी आला. त्याने दारातूनच निर्मलाला विचारले, "बाई, पोटातलं गेलं का?"

ती भिंतीकडून वळली. इतक्या दिवसांत हे कुणी सरळ विचारले नव्हते. "गेलं," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

निंबाला आणखी पुरावा नको होता. त्याने दारावर गेरूची मोठी फुली मारली, विहिरीत औषध टाकले आणि आळीला दवंडी दिली, की या घरात एकवीस दिवस कुणी पाऊल टाकायचे नाही. धुरपदाबाईंनी आपली खिडकी लावून घेतली ती दिवाळीलाही उघडली नाही.

घरात दोघेच उरले. पहिले दोन दिवस वामनला काय करावे कळेना. नुसते बसायचे काम त्याने कार्यालयात पुष्कळ केले होते, पण बायकोजवळ बसायची त्याला सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी निर्मला रडली. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता, दुपारभर रडली, आणि तिला गप्प करायला कुणी आले नाही. वामनने तिचे डोके मांडीवर घेतले. मग तोही रडला. त्याला फार वाईट वाटत होते, आणि ते वाटायला त्याला पहिल्यांदाच वेळ मिळाला होता.

"मी नाव ठेवलं होतं," ती म्हणाली. "सुलभा."

"आणि मुलगा असता तर?"

"पोरगीच होती. मले ठाऊक आहे."

"मग पहिल्या खेपेला?"

तिने तेही नाव सांगितले. वर्षभर ते तिच्या एकटीपाशीच होते. वामनने दोन्ही नावे एकदा मोठ्याने उच्चारली. संध्याकाळी त्याने भाकरी केली. ती एका बाजूने कच्ची आणि दुसरीने कोळसा झाली होती. निर्मला भाकरीकडे बघून हसली आणि "सरका तिकडे," म्हणून स्वतः चुलीपाशी बसली.

बाविसाव्या दिवशी वामन कामावर गेला तो, रुग्ण पूर्ण बरा झाल्याचा निंबाचा दाखला घेऊनच. भोपाळला समाधान वाटले.

महिन्याभराने अनंतरावांनी वामनला कपाटाआड बोलावले. त्यांची लेक उषा खांडव्याला दिली होती. जावई सरकारी नोकरीत. सकाळीच तिकडून पत्र आले होते. बराच वेळ ते कपाटाच्या कडीशी चाळा करत राहिले. "पोटातले गेले, असंच लिहिलं होतंस ना तू?" ते हळूच म्हणाले. "पुढं काय? अशक्त? बरं. पण तू लिहिलंस ते चुकीचं होतं हां, हे लक्षात ठेव." आणि त्यांनी चष्मा पुसला.

गोष्ट कुणी कुणाला सांगितली नाही, त्यामुळे ती सगळ्यांना कळली. पुढल्या वर्षीच्या अहवालात साथ-निवारण पथकाला एक नवीच पटकी नोंदवावी लागली. ती विहिरीच्या पाण्याने पसरत नव्हती. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, अविवाहितांना होत नव्हती. मजुरांच्या घरी तर कधीच शिरली नाही (कार्यालयात पाणी भरणाऱ्या रोजंदारीच्या रंभाबाईला तीनदा लक्षणे झाली होती, ती तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पाणी भरायला आली, सबब ती पटकी नव्हे). ही पटकी फक्त कायम नोकरीतल्या कारकुनांच्या बायकांना होई, आणि नवरा एकवीस दिवस जवळ बसला की उतरे. नोंदलेल्या सर्व प्रकरणांत एकही मृत्यू नाही, म्हणून पथकाचा गौरव झाला. (मृत्यू नोंदायचा तर आधी जन्म नोंदलेला लागतो.)

अशा रोगाचे मूळ शोधणे पथकाला भाग होते. त्यांनी बरे झालेल्या घरांची बारकाईने तपासणी केली. पाणी तेच होते. औषध कुणी घेतले नव्हते. अन्न तर करपलेले होते. बदल एकच आढळला, की त्या एकवीस दिवसांत समाचाराला कुणी आले नव्हते. यावरून शास्त्रशुद्ध निष्कर्ष निघाला, की संसर्ग घरातून बाहेर जात नसून बाहेरून घरात येत होता.

तेव्हा आपणही जरा आठवून पाहावे. ओळखीत असे झाले, तेव्हा आपण भेटायला गेला होतात, हे पथकाला माहीत आहे. "अजून वय आहे, होईल दुसरं," असे आपण म्हणालात, आणि ते मनापासून म्हणालात, याबद्दलही कुणाला शंका नाही. पुढच्या खेपेस मात्र आपण एकवीस दिवस आपल्याच घरी थांबावे, ही नम्र विनंती. पगार कापला जाणार नाही.