परत काय उनं?

आमचे सोनवणे सर कुणाच्या नुसत्या होकारावर विश्वास ठेवत नाहीत. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ते भिकाभाऊंना दोन चहा सांगतात. भिकाभाऊ मान हलवतात. दुसरा कुणीही जाऊन बसेल. सर काउंटरपाशीच उभे.

"परत काय उनं?"

"सर, मान हालाई ना मी!"

"मान चालस नही. आकडा सांग."

"शून्य! शून्य, सर! बसा आते."

मग सर बसतात. सांगितलेल्या कामातून परत काय आलं ते त्यांना आकड्यात हवं: शून्य म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे चूक. भजी संपली असली की भिकाभाऊ हल्ली लांबूनच "एक!" असं ओरडतात. हजेरीला आम्ही "शून्य, सर" म्हणतो. शेजारच्या वर्गाला वाटतं, आमचे मार्क वाचून दाखवतायत.

सर सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात. पण कुठूनही सुरुवात केली तरी येतात एकाच ठिकाणी: सीच्या पोटात बसवलेली दुसरी छोटी भाषा, लुआ. मी तळोद्याच्या वरच्या पाड्यातली. घरी आम्ही पावरी बोलतो, आणि घरात कॉम्प्युटरला हात लावणारी मी पहिलीच. मला आधी काही कळलं नाही. मग सरांनी सांगितलं ते असं. सीच्या प्रोग्रॅममध्ये काही बदलायचं तर तो थांबवून, नव्याने तयार करून पुन्हा सुरू करावा लागतो. पोटात लुआ असली तर नव्या चार ओळी चालत्या प्रोग्रॅमला साधा मजकूर म्हणून द्यायच्या. तो त्या तिथल्या तिथे वाचतो आणि तसा वागू लागतो.

"काही झायं तरी सी थांबाले नको," सर म्हणत.

ओळी दिल्यावर एक आकडा परत येतो. तो न तपासता पुढे गेलेला प्रोग्रॅम सर पुढे वाचतच नसत. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, आकडा नही दखं ते कोन मरस?"

सर खडू ठेवून वर्गाबाहेर गेले. आम्ही बराच वेळ हसत होतो.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टवर सरांची सही हवी होती आणि सर काही दिवस कॉलेजला आलेच नव्हते. मी रनाळ्याला त्यांच्या घरी गेले.

पुढच्या खोलीत खाटेवर काकू, सरांच्या पत्नी, होत्या. लकव्याने अंग गेलेलं, बोलणं गेलेलं. एक बोट तेवढं हलायचं, म्हणून सरांनी बोटाखाली बटण दिलं होतं. बटणाची तार टेबलावरच्या छोट्या कॉम्प्युटरला, आणि त्याचा स्पीकर शेजारच्या भाभींच्या भिंतीला. एकदा दाबलं की पाणी, दोनदा दाबलं की कुशीवर वळवा. बटणावर कान ठेवायचं काम सीचं. दाबण्याचा अर्थ लुआच्या ओळींत. काकूंच्या गरजा बदलत. सर सकाळी एकेक गोष्ट विचारत, काकू डोळे मिटून हो म्हणत आणि सर ओळी बदलत. तेवढ्यातही बटण बहिरं होऊ नये म्हणून सी थांबवायची नाही.

"एक दिन मी घाई करी," सर म्हणाले. "ओळीमा एक चिन्ह ऱ्हायी गयं. जुन्या ओळी पुसायन्या, नव्या लागन्याच नहीत. लुआनी चूक सांगेल व्हती. मी आकडा दखाच नही, कॉलेजले निंघी गऊ. ती दिनभर बटण दाबी ऱ्हायंती."

उन्हाळा होता. भाभींच्या भिंतीवर काही वाजलं नाही. संध्याकाळी सर आले तेव्हा काकूंचे ओठ फुटले होते आणि बोट बटणावरच होतं. पाठीला त्या दिवशी पडलेली जखम अजून भरलेली नाही.

मी फाइल पुढे केली. सरांनी प्रत्येक पान वाचलं, मगच सही केली.

"आता तर सगळं बरोबर चालतं ना, सर?"

"चालस. चूक काहीच येस नही. फक्त बटणले विचारं का निल येस." निल म्हणजे काहीच नाही. प्रोग्रॅम ठीक, तार ठीक, पण तिकडून काही आलेलंच नाही. "ते बोट बी गयं, माय."

स्पीकर त्यांनी भाभींच्या भिंतीवरून काढून काकूंच्या उशाशी आणला होता. भाभी आता न बोलावता मधूनमधून येणार होत्या. सरांनी माझ्यासमोर नव्या ओळी लिहिल्या, चालत्या प्रोग्रॅमला दिल्या, आलेला आकडा बोट ठेवून वाचला. मग मला म्हणाले, "मी बाहेर जास. तू फक्त तिन्हाकडे दख." आणि अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

थोड्या वेळाने उशाशी स्पीकरमधून सरांचाच, आधी भरून ठेवलेला आवाज आला. "सुनंदा, मी येई ऱ्हायनू. घाबरू नको."

मी बाहेर गेले. सरांनी मागे वळून बघितलं नाही.

"सर, काकूंनी दाराकडे बघितलं."

सर चपला न काढताच आत गेले.