आत्यासाहेबांच्या वर्गातून सुखरूप माघार

तमाम थोरांस विदित व्हावे, की विद्यापीठाचे मुलखी सांख्यिकीचा विषय सोडण्याकारणें जी मोहीम जाहली, तिची हकिकत येथे लिहिली असे. बखर लिहिणारा आणि पळ काढणारा एकच इसम, सबब पळण्याचे वर्णन किंचित शोभिवंत जाहले असल्यास वाचणारांनी सांभाळोन घ्यावे.

वर्तमान ऐसे: भाचेराव म्हणोन एक पराक्रमी विद्यार्थी, यांणी सत्रारंभी जेवताना तीर्थरूपांसमोर "आत्या शिकवते म्हणजे घरचाच विषय!" ऐसी गर्जना केली आणि सांख्यिकीत नाव घातले. मग आत्यासाहेबांनी पहिली चाचणी घेतली, आणि तींत भाचेरावांची ऐसी दाणादाण उडाली, की उत्तरपत्रिकेवर स्वतःचे नाव तेवढे बरोबर निघाले. तेव्हापासोन स्वारी वर्गात खांबाआड बसो लागली, दुरून आत्यांची छत्री दिसता जिना बदलो लागली, आणि त्यांचे घरी जाणेही तोडिले.

मग विषय सोडण्याची मुदत सरत आली, आणि भाचेराव कचेरीवर चालोन गेले. खिडकीमागील कारकुनांनी चहाचा पेला खाली न ठेविता फर्माविले, की शिकविणाऱ्या बाईंची सही आणल्याविना विषय सुटणार नाही. भाचेरावांचा नूर उतरला, परंतु मागे फिरावे तर परीक्षा उभी, सबब मोर्चा आत्यासाहेबांचे खोलीकडे वळविला, आणि दाराबाहेर सूचनाफलक वाचण्याचे मिषें बराच वेळ शौर्य गोळा करीत राहिले.

"आत ये. तो फलक गेल्या वर्षीचा आहे," आतून आवाज आला.

भाचेरावांनी सर्व शस्त्रे टाकिली. "आत्या, मला नाही जमत गं. तुझं नाक कापलं मी."

"माझं नाक आहे जागेवर," आत्या चष्मा काढोन म्हणाल्या. "पण घरी यायचं का बंद केलंस? मला वाटलं, माझंच काही चुकलं."

या वाक्याने जी शिकस्त जाहली, ती चाचणीतही जाहली नव्हती. भाचेरावांचे डोळे वाहो लागले. दप्तरी मात्र "डोळ्यांत खडू गेला" ऐसे लिहावे, हा त्यांचा सक्त हुकूम असे.

आत्यांनी सही केली आणि बजाविले, "दादाला तू सांगायचंस. मी नाही."

मग भाचेरावांनी घरी येऊन, तीर्थरूपांचे हातीचा घास तोंडापर्यंत पोहोचण्याआधी, एका दमात सर्व वर्तमान निवेदिले.

"सोडलास? हुश्श!" तीर्थरूप म्हणाले. "मला वाटलं, आता ते मलाही समजावून सांगशील."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. विषय गेला, आत्या परत मिळाल्या, आणि त्या वर्गाचा सकाळचा जो एक तास जिंकोन घेतला, त्या मुलखावर भाचेरावांनी पांघरूण ओढोन निष्कंटक अंमल बसविला. हा विजय दप्तरी रुजू असे. हसणे असल्यास खुशाल हसावे, हजेरी मात्र कोणी मागू नये.