तीन गिअर मागे

मोटार नीट करणं ही काही मोठी गोष्ट नव्हे, हे मी आणि गजाननकाकांनी एका रविवारी सकाळी ठरवून टाकलं. काका बँकेत होते आणि त्यांनी घरचं शिवणयंत्र दोनदा उघडून एकदा चालू केलं होतं. मी कॉलेजात शिकवत होते आणि छापलेल्या कुठल्याही गोष्टीला भीत नव्हते. एवढ्या भांडवलावर लोक राज्यं चालवतात. आम्हांला फक्त एक जुनी गाडी चालवायची होती.

गाडी बाबांची. जयपूरबाहेरच्या कुणा ठाकुरांनी तबेला रिकामा करताना ती काढून टाकली, आणि विम्याच्या कामासाठी तिकडे गेलेले बाबा बैलांकडून ओढवून ती बनी पार्कातल्या आमच्या भाड्याच्या घरी घेऊन आले. विम्याच्या माणसाने इतका उघड धोका पत्करावा, याचं त्यांच्या कचेरीत सगळ्यांना नवल वाटलं. गंजाला रंग म्हणायचं असेल, तर गाडी तांबडी होती. "हिला नीट करतो आणि तुला पुढच्या सीटवर बसवून फिरवून आणतो," असं बाबा दर रविवारी आईला सांगत आणि गाडीखाली शिरत. आई "बरं" म्हणे.

त्यांनी पत्रा घासून काळा रंग दिला. इंजिन चालू करून दाखवलं. मग मागचा आस खोलला, आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. मागची चाकं काढून भिंतीला टेकवलेली, गाडी विटांवर, दातेरी चक्रं रॉकेलच्या घमेल्यात, असं सगळं दीड वर्ष तसंच राहिलं. मी घमेल्यावर झाकण ठेवलं होतं. त्याहून जास्त काही माझ्याने झालं नाही.

घरमालक भंवरसिंहजी सज्जन गृहस्थ, पण त्यांना अंगणात गाडीखाली मुंगसाचं बिऱ्हाड नको होतं. "विभाजी," ते म्हणाले, "खटारा है तो हटवा दीजिए. मोटर है तो चलाकर दिखाइए." अनंत चतुर्दशी झाली की भंगारवाला बोलावणार, असंही त्यांनी अदबीने सांगितलं. बाबांनी आईला दिलेला शब्द भंगारात जाणार, हे मला काही सोसेना. म्हणून मी काकांना बोलावलं.

कामाची वाटणी सरळ होती. गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी स्टुलावर बसून मराठीत सांगायचं, आणि काकांनी गाडीखाली उताणं पडून तसं करायचं. काकांचं डोकं इंजिनाकडे, पाय फाटकाकडे. आवाज धोतरातून आल्यासारखा येई.

"मोठं चक्र डाव्या बाजूला बसवावं," मी वाचलं.

"कुणाच्या डाव्या?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग माझ्याच. खाली मीच आहे ना?"

हे मला पटलं. लेखकाने पुस्तक लिहिताना काम करणाऱ्या माणसाचाच विचार केला असणार, असं मला वाटलं. मी सगळ्या लेखकांबद्दल तेव्हा असाच चांगला ग्रह करून घेत असे.

चक्र बसलं. काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांना आवाजावरून ओळखलं. त्या भरात काकांनी महाराष्ट्र मंडळाच्या मधुमतीबाईंना सांगून टाकलं, की यंदा मंडळाचा गणपती विसर्जनाला मोटारीतून जाणार. मी म्हटलं, "काका, आधी एक चक्कर मारून बघू या." काका दुखावले. "पहिली फेरी देवाची. त्याच्याआधी आपण बसायचं? दादाला चाललं असतं?"

बाबांना अगदी चाललं असतं. पण बाबा हा मुद्दा असा होता, की तो कुणी काढला की मला पुढे बोलता येत नसे. काकांना हे माहीत होतं.

अनंत चतुर्दशीला गाडी झेंडूच्या माळांत उभी राहिली. मागच्या सीटवर मधुमतीबाई मांडीवर गणपती घेऊन बसल्या. पुढे काकांशेजारी आई. ती नवं लुगडं नेसली होती आणि गाडी उभी असतानाच तिने दाराची कड घट्ट धरली होती. गाडीची पाठ फाटकाकडे होती, तेव्हा आधी मागे घ्यायची. काकांनी मागे जायचा गिअर टाकला, "मोरया" म्हणाले आणि क्लचवरचा पाय सोडला.

गाडी पुढे गेली. तुळस थोडक्यात वाचली. भंवरसिंहजींच्या पत्नीने मूगडाळीचे सांडगे, म्हणजे तिकडच्या मंगोड्या, खाटेवर वाळत घातले होते. ती खाट वाचली नाही.

"गजाननजी," भंवरसिंहजी ओसरीवरून शांतपणे म्हणाले, "फाटक उधर है."

"गिअर घसरला," काका म्हणाले. त्यांनी पुन्हा तोच टाकला. गाडी आणखी वीतभर पुढे गेली आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली. आता जागाच उरली नव्हती. चिडून काकांनी पहिला गिअर टाकला, आणि गाडी झोकात मागे सरकत फाटकाबाहेर पडली. मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. झांजा सुरू झाल्या. त्यांना वाटलं, असंच ठरलेलं आहे.

रस्त्यावर काकांनी दुसरा टाकला. गाडी जास्त जोरात मागे. तिसरा टाकला. झांजवाले पळाले.

मी धावत खिडकीशी गेले. "काका, थांबवा. चक्र उलट बसलंय. डावी बाजू गाडीची होती, तुमची नव्हे."

"म्हणजे?"

"म्हणजे तीन गिअर मागे जायला आहेत आणि एक पुढे."

"पुढे जायला एक तर आहे ना? मग झालं."

पण तो एक गोगलगाईचा होता. त्यावर दहा पावलं जाईतो इंजिनातून वाफ आली, आणि मधुमतीबाई म्हणाल्या, हा अभिषेक असेल तर पाणी फार गरम आहे. मिरवणूक थांबली. देवाला उलटं न्यावं का, यावर मंडळात दोन तट पडले. एका तटाने तर टांगासुद्धा हेरला. भंवरसिंहजी फाटकात उभे राहून सगळं पाहत होते आणि मला त्यांच्यामागे भंगारवाला दिसत होता.

तेवढ्यात आई म्हणाली, "उलटं कुठे? निघताना देवाचं तोंड घराकडेच ठेवतात. जाऊ दे असंच."

गाडी निघाली. काका मान मुरडून मागे बघत होते, मी मागून, म्हणजे पुढून, धावत सायकलवाल्यांना बाजूला करत होते. बनी पार्कातली कुत्रीसुद्धा कुठल्या टोकावर भुंकावं या विचारात पडली. पहिल्या वळणावर मी खिडकीशी आले तेव्हा आई समोर, दूर जाणाऱ्या आमच्या घराकडे पाहत होती.

"ह्यांच्या इतक्या बदल्या झाल्या," ती म्हणाली, "पण घर मागे पडताना कधी नीट बघायलाच मिळालं नव्हतं."

मग तिने पदर तोंडाला लावला. बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, विसर्जन झालं, परत येताना गाडी तशीच शेपटाकडून फाटकात शिरली. काकांची मान खांद्यावर कायमची बसली होती. भंवरसिंहजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. "उलटी चली," ते म्हणाले, "पर चली. रहने दीजिए."

मी दार उघडलं. आईचा चेहरा पांढराफटक होता आणि डोळ्यांत पाणी. दीड वर्ष मी तिच्यासमोर रडले नव्हते. आता रडायला हरकत नाही असं वाटलं. "आई," मी म्हटलं, "बाबांनी शब्द पाळला."

"आधी लिंबू आण," आई म्हणाली.

"काय?"

"लिंबू. मोटारीत मला मळमळतं. पहिल्यापासून."

"मग बाबांना कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगणार कशी? गाडीखालून बाहेर आले की किती खूश दिसायचे." तिने डोळे मिटून घेतले. "आणि मला वाटायचं, ही काही चालू व्हायची नाही. छान चाललं होतं आमचं. तुम्हांला कुणी सांगितलं होतं नीट करायला?"

मी लिंबू कापून आणलं. काका वाकड्या मानेनेच बाही सरसावत होते. "वहिनी, काळजी नको. आस परत खोलतो आणि चक्र सरळ करून टाकतो."

आई लिंबू चोखत म्हणाली, "सावकाश होऊ द्या भावोजी. अगदी सावकाश."