डॉ. बिराजदारांची शिवण

डॉ. बिराजदार भेटले की आधी तुमच्या शर्टाची शिवण बघतात, मग चेहरा. आमची ओळख झाली त्या दिवशी त्यांनी माझी कॉलर उलटून पाहिली आणि म्हणाले, "टेलर बदला. टाका दिसून राहिला."

नांदेडच्या एकाच दवाखान्यात आम्ही दोघं सर्जन. मी मोठ्यांचा, ते लहानग्यांचे. त्यातही त्यांचा हातखंडा एका कामात. काही मुलगे जन्माला येतात तेच असे, की लघवीची वाट टोकाला न उघडता खालच्या बाजूला उघडते. धार पायांवर येते. शाळेत गेल्यावर पोर लपून, बसून उरकतं आणि बाकीची पोरं हसतात. बिराजदार ती वाट नव्यानं घडवतात. केसाहून बारीक धागा, डोळ्यांवर भिंगांचा चष्मा, अडीच-अडीच तास मान वर नाही. ऑपरेशन थिएटर एकच; बाहेर माझा पेशंट उपाशीपोटी ताटकळतोय, हे सांगायला गेलो की आतून उत्तर येतं, "हर्निया कुठं पळून जातोय का?"

मला त्यांचा हेवा वाटायचा. हेवा कसला, मी जळायचो. मूळव्याध बरी झालेला माणूस रस्त्यात डॉक्टरला ओळखही देत नाही. आणि यांच्या दारात नायगावची आजी हरभऱ्याचे ढाळे घेऊन उभी! ऑपरेशननंतर लघवीला लावलेली नळी निघाली की अख्खं खानदान पोराला घेऊन दवाखान्यामागच्या कडुलिंबाखाली जमायचं. धार सरळ पडली की बिराजदार स्वतः टाळ्या पिटायचे. "लई झकास! विष्णुपुरी धरणाचं दार उघडलं!" माझी खिडकी नेमकी त्याच बाजूला. शेवटी मी तिला जाड पडदा लावून घेतला.

एकदा त्या नायगावच्या आजीच्याच नातवाचा टाका सुटला. बाजूनं थेंब गळू लागले. खोटं कशाला बोलू, मी मनातून सुखावलो. म्हटलं, आता बघू. तर हा गडी सगळ्यांदेखत आजीपुढं फरशीवर बसला.

"माय, माझा टाका कच्चा निघाला. सहा महिन्यांनी पुन्हा करू द्या."

आजी म्हणाली, "करा की बाबा. देवाला बी कुठं पहिल्या खेपेला जमलं?"

माझ्या बाबतीत असं झालं असतं तर आजीऐवजी वकील आला असता. त्या दिवशी मी जास्तच जळलो.

गेल्या उन्हाळ्यात मला चाकूरच्या एका लग्नाचं बोलावणं आलं. नवरदेवाच्या वडिलांच्या हर्नियाचं ऑपरेशन मी केलं होतं. बिराजदारांनी माझ्या टेबलावरची पत्रिका उचलली, नवरदेवाचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मला घेऊन चला की."

इतक्या वर्षांत या माणसानं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

मांडवात नवरदेवाच्या वडिलांनी मला मिठी मारली, फेटा बांधला, पुढच्या सोफ्यावर बसवलं. मग त्यांची नजर बिराजदारांवर गेली आणि चेहरा खर्रकन उतरला. शेजारी व्याही उभे होते. त्यांनी सहज विचारलं, "हे डॉक्टर कशाचे?"

वडील उगाच फेटा सारखा करू लागले. बिराजदारच पटकन म्हणाले, "दातांचा हाय मी. यांच्या गाडीत जागा होती, आलो जेवायला."

वडिलांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा नवरदेव लहानपणी बिराजदारांच्या हाताखालून गेला होता. घरच्यांना ती गोष्ट कुणाच्या कानी जाऊ द्यायची नव्हती, म्हणून ज्यानं पोर बरं केलं त्यालाच त्यांनी अनोळखी करून टाकलं होतं. असे किती मांडव झाले असतील, कुणास ठाऊक. एकाचीही पत्रिका बिराजदारांच्या टेबलावर मी कधी पाहिली नव्हती.

अक्षता पडत होत्या तेव्हा ते शेवटच्या रांगेमागं टाचा उंचावून उभे होते. नंतर नवरदेव थोरामोठ्यांच्या पाया पडत आमच्यापाशी आला. माझ्या पाया पडला. त्यांच्याकडे बघून नुसतं हसला आणि पुढं गेला. माझ्या डोक्यावरचा फेटा मला एकदम जड झाला.

परतताना अहमदपूरला त्यांनी गाडीची काच खाली केली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "पोरगं उंच निघालं, न्हाई?"

"हाव," मी म्हणालो. "लई उंच."