टाच खाली, नजर वर, तोंड बंद

गेनूबाबांना मी घोड्यावर बसलेलं कधीच पाहिलं नाही, आणि तरीही आमच्या नगरमधल्या निदान साठ-सत्तर मुलामुलींना घोड्यावर बसायला त्यांनीच शिकवलं. मैदानाच्या मधोमध उभे राहून ते फक्त ओरडत. ओरडण्याचे शब्दही ठरलेले होते : "टाच खाली, नजर वर, तोंड बंद." यातले पहिले दोन हुकूम घोड्यावर बसणाऱ्यांसाठी होते आणि तिसरा सगळ्या गावासाठी. मुलाला सोडायला आलेली एखादी आई "जरा जपून हं, त्याला सर्दी आहे" म्हणाली, की बाबा तिच्याकडे न बघताच म्हणत, "तोंड बंद." एकदा मंडळाच्या अध्यक्षांनाही ते हेच म्हणाले. अध्यक्ष वकील होते. ते घोड्याला उद्देशून आहे, असं ते धरून चालले.

ही एकाहत्तर सालच्या सुमाराची गोष्ट, दुष्काळाच्या आदल्या वर्षाची. अजून कडबा मिळत होता आणि लोकांना हौशी सुचत होत्या. छावणी गावाला लागून असल्यामुळे नगरच्या माणसाला आपल्यात थोडासा घोडेस्वार आहे, असं जन्मापासून वाटत असतं. वकीलसाहेबांना तर फारच वाटे. ते आयुष्यात एकदाच घोड्यावर बसले होते, स्वतःच्या वरातीत, आणि तेव्हाही लगाम दुसऱ्याच्या हातात होता. पण बोलताना सुरुवात "आम्ही घोड्यावर बसत असू तेव्हा" अशी असे. त्यांनीच बाल अश्वारोहण मंडळ काढलं.

मी चित्रकलेचा मास्तर. हेडमास्तरांनी एका शनिवारी बोलावून "उद्यापासून तुम्ही मंडळाचे स्वयंसेवक" असं सांगितलं, म्हणून मी स्वखुशीने या कामात पडलो. नंबरांचे बिल्ले रंगवायचे, प्रशस्तिपत्रकं लिहायची आणि वेळ पडली तर घोडा धरायचा. ती वेळ पडू नये याची मी फार काळजी घेत असे. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंची मला सारखीच भीती वाटते.

मंडळाची स्वतःची अशी एकच म्हातारी घोडी होती, बेगम. बाकी चार घोडे टांग्याचे. टांगेवाले ते रविवारी सकाळी मोकळे करून देत आणि दहाच्या गाडीच्या आत परत नेत. डोळ्यांवरची झापडं काढल्यावर त्या घोड्यांना पहिल्यांदाच कळलं, की रस्त्याला बाजूही असतात. पहिला महिना त्यांचा आश्चर्य करण्यातच गेला. मग बाबांनी त्यांना वळण लावलं. एक सवय मात्र काही केल्या गेली नाही. दहाच्या गाडीची शिट्टी झाली की चौघेही कान टवकारून स्टेशनकडे तोंड करत. म्हणून बाबा पावणेदहाला शिकवणी संपवत म्हणजे संपवतच.

बाबा नेवाशाकडचे. साठीचे होते, पिंजरापोळाजवळच्या एका खोलीत एकटेच राहत. लग्न केलं नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस ते रविवारची तयारी करत. खोगिरं पुसायची, वाद्या शिवायच्या, बेगमला खरारा करायचा. तिच्या आयाळीला तेल लागे तेवढं त्यांच्या स्वतःच्या डोक्याला कधी लागलं नाही. तिच्याशी बोलताना ते "बाईसाहेब" म्हणत आणि तिच्या उत्तरासाठी थांबतही. मला एकदा म्हणाले, "मास्तर, ऐतवार हाय म्हनून हप्ता हाय."

ते स्वतः घोड्यावर का बसत नाहीत, याच्या गावात बऱ्याच कथा होत्या. कुणी म्हणे, त्यांच्या मांडीत अजून गोळी आहे. कुणी म्हणे, लढाईत पडलेल्या घोड्याला त्यांनी वचन दिलंय. वकीलसाहेब दोन्ही कथा एकाच भाषणात सांगत. बाबा यावर होय म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

आता माझा गुन्हा सांगतो. मैदानाच्या फाटकावरची पाटी मी रंगवली. वर 'बाल अश्वारोहण मंडळ' हे भरगच्च बसलं. खाली बाबांचं नाव, नुसतं 'प्रशिक्षक गेनबा' असं, लिहिलं तर डावी बाजू अगदीच ओकीबोकी दिसायला लागली. बाबा पूर्वी घोडदळात, म्हणजे रिसाल्यात होते, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी डावीकडे ठसठशीत 'रिसालदार' घातलं आणि तोल साधला. चित्रकलेत तोल महत्त्वाचा, खरंखोटं नंतर. रिसालदार म्हणजे घोडदळातला केवढा मोठा हुद्दा, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांना 'रिसालदारसाहेब' म्हणू लागलं. बाबांना वाचता येत नव्हतं. आमच्याकडे हमालालाही कौतुकाने सुभेदार म्हणतात, तसंच हे असेल, असं त्यांना वाटलं.

हे वर्षभर बिनबोभाट चाललं. मग वकीलसाहेबांनी घोड्यांचं वार्षिक प्रदर्शन ठरवलं, एका निवृत्त मेजरसाहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं आणि कार्यक्रमपत्रिका छापली. शेवटचा कार्यक्रम होता : 'रिसालदार गेनबा यांची घोडीवरून मानवंदना'. पोस्टमास्तरांची नऊ वर्षांची कुंदा ही बाबांची सगळ्यांत कडक शिष्या. तिने त्यांना आधी पत्रिका वाचून दाखवली आणि मग फाटकावरची पाटीही.

त्याच संध्याकाळी बाबा माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, त्ये पाटीवरलं पुसा."

आता पत्रिका वाटून झाल्या आहेत, प्रदर्शनानंतर पुसू, असं मी म्हणालो. बाबांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, "मला बसता येत न्हाई."

मी खुर्ची पुढे सरकवली.

"घोड्यावर, मास्तर. मी सईस हुतो. खरारा, चंदी, पानी, लीद. चढायचे त्ये सवार. आमाला चढायची मनाई हुती."

मग हे सगळं शिकवता कसं, असं मी विचारलं. ते म्हणाले, अकरा वर्षं खाली उभं राहून वर बघितलं, कोण कसा बसतो आणि कोण कसा पडतो ते खालूनच नीट दिसतं. ते खरंही असावं, कारण त्यांच्या हातची पोरं पडत नसत. मग त्यांनी आवाज खाली आणला. "वकिलाला कळलं तर माझा ऐतवार जाईल."

चूक माझी होती, पण ती कबूल करण्याऐवजी मी युक्ती काढली. भित्र्या माणसाला युक्त्या फार सुचतात. प्रदर्शनाच्या दिवशी बाबांचा पाय मुरगळायचा, म्हणजे मानवंदना आपोआप रद्द. त्या सकाळी मी स्वतः त्यांच्या उजव्या पायाला घोट्यापासून पोटरीपर्यंत पट्टी बांधली आणि लेप दिसावा म्हणून तिच्यावर थोडा पिवळा जलरंगही लावला. काम इतकं सुबक झालं, की बाबा खरोखरच लंगडू लागले.

मांडव भरला होता. बेगम खोगीर घालून एका बाजूला नुसती शोभेला उभी होती. नऊला वकीलसाहेब भाषणाला उठले. त्यांना दहा मिनिटं दिली होती. नऊ पंचवीसला ते स्वतःच्या वरातीपर्यंतच आले होते. बाबा लंगडत लंगडत माझ्याकडे येत, सूर्याकडे बघत, स्टेशनच्या दिशेने बघत आणि परत जात. मी 'वेळ झाली' अशी चिठ्ठी पाठवली. वकीलसाहेबांनी ती वाचली, खिशात घातली आणि "वेळेचं महत्त्व" या विषयाकडे वळले.

मुलं मैदानात आली तेव्हा दहाला दहा कमी होते. पुढे सुलतान नावाच्या पांढऱ्या घोड्यावर कुंदा, मागे एका ओळीत तिघं. बाबांनी नेहमीचे तीन हुकूम सोडले. दोन फेऱ्या सुरेख झाल्या. मेजरसाहेबांनी मान डोलावली. तिसऱ्या फेरीला दौंडकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी झाली.

सुलतान वळला. त्याच्यामागे तिघेही वळले. चौघे एका ओळीत, दुडक्या चालीने, फाटकातून बाहेर पडले आणि स्टेशन रस्त्याला लागले. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. वकीलसाहेब पाहुण्यांना म्हणाले, "बघा ही शिस्त." आणि शिस्त होतीच. चारही मुलांच्या टाचा खाली होत्या, नजरा वर होत्या आणि एकानेही तोंडातून शब्द काढला नाही.

काय झालं ते फक्त बाबांना आणि मला कळलं. टांगेवाले समोर चहाला बसले होते आणि त्यांची मैदानाकडे पाठ होती. मग पोस्टमास्तरांनी किंकाळी फोडली आणि सगळ्यांनाच कळलं. मेजरसाहेब ताडकन उठून म्हणाले, "रिसालदार, चढा घोडीवर. गाठा त्यांना."

बेगम बाबांपासून चार पावलांवर उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांचा पाय मुरगळलेला आहे, एवढं तरी मी ओरडायला हवं होतं.

"मला बसता येत न्हाई, सायेब," बाबा मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले. "मी सईस हाय."

आणि ते पळाले. मुरगळलेल्या पायाने, साठीच्या वयात, असा माणूस पळताना मी दुसरा पाहिलेला नाही. माझी पट्टी सुटून त्यांच्यामागे लांबच लांब फरफटत होती. बेगमही लगाम लोंबकळवत त्यांच्यामागे निघाली आणि तिच्यामागे, बऱ्याच अंतरावरून, मी.

स्टेशनवर पोचलो तेव्हा चारही घोडे टांगा स्टँडवर आपापल्या जागी ओळीने उभे होते. मुलं जशीच्या तशी वर होती. ट्रंक घेतलेला एक प्रवासी कुंदाला विचारत होता, "कापडबाजारात येणार का?" कुंदाने नजर वर आणि तोंड बंद ठेवलं होतं.

एरवी बाबांचा हात आधी घोड्याकडे जाई. त्या दिवशी त्यांनी आधी चारही पोरांचे पाय चाचपून पाहिले. मग धापा टाकत कुंदाला म्हणाले, "हाक का न्हाई मारली गं?"

"तुम्हीच सांगितलंय ना," कुंदा म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडायला लागली.

बाबा तिथेच, सुलतानच्या पायांशी, मटकन खाली बसले.

मंगळवारी वकीलसाहेबांच्या ओसरीवर बैठक झाली. गेनबांनी हुद्द्याची बतावणी करून मंडळाची फसवणूक केली आहे, सबब त्यांना दूर करावं, असा ठराव होता. बाबा पायऱ्यांखाली, चपलांजवळ उभे होते. मी आयुष्यात पहिल्यांदा सभेत उठलो आणि पाटी माझी आहे, असं सांगितलं. का लिहिलंत, असं विचारल्यावर तोल साधण्याचा मुद्दा समजावला. तो कुणालाच पटला नाही. मग पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले, की ठराव मंजूर व्हावा आणि वकीलसाहेबांचा दांडगा अनुभव लक्षात घेता, येत्या रविवारपासून त्यांनीच मुलांना घोड्यावर बसून धडे द्यावेत. यानंतर वकीलसाहेबांना गेनबांच्या सेवेतले इतके गुण आठवले, की ते सांगता सांगता चहा दोनदा झाला. ठराव मागे घेण्यात आला.

बुधवारी मी रंगाचा डबा घेऊन पाटीपाशी गेलो. बाबा बेगमला घेऊन आलेच होते. 'रिसालदार' खरवडून काढल्यावर तिथे काय लिहू, असं मी विचारलं.

"सईस. मोठं काढा."

मोकळी जागा भरपूर होती, म्हणून मीही हातभर उंचीची अक्षरं काढायला घेतली. काढता काढता सहज म्हणालो, "बाबा, आता तर कुणाची मनाई नाही. एकदा बसा की बेगमवर."

ते तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"फौजेत मोटारगाड्या आल्या तवा रिसाल्यातली घोडी काढली," ते म्हणाले. "तरनी इकली. म्हातारी छावनीच्या मागं न्हेली, गोळी घालायला. सवार आदल्या दिशीच सलाम ठोकून गेले. धरायला आमी. माझ्याकडं तीन हुती. जमादार म्हनला, जनावर हिसका देतंय, टाच रोवा खाली. त्ये तुमच्याकडं बघंल, तुमी नजर वर ठेवा. आन् तोंड बंद."

माझा कुंचला पाटीवरच थांबला. त्या तीन हुकमांची नक्कल करून मी शाळेत वर्षभर हशा मिळवला होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मंग पुन्यांदा कुनावर चढावं, असं वाटलंच न्हाई बगा," बाबा म्हणाले आणि बेगमला पाणी दाखवायला घेऊन गेले.

रविवारी शिकवणी वेळेवर सुरू झाली. चौघं ओळीत उभे राहिले. मी कुंपणाच्या अलीकडे होतो. बाबा मैदानाच्या मध्ये गेले.

"टाच खाली," ते ओरडले. चार टाचा खाली गेल्या. "नजर वर." चार माना वर झाल्या, आणि तिसरा हुकूम पाठ असल्यामुळे तोंडं आपोआप मिटली.

बाबा घुटमळले.

"आन् भ्या वाटलं तर हाक मारायची," ते म्हणाले. "मोठ्यांदा. मी येतो."

कुंदाने खात्री करून घ्यायची म्हणून, काही एक कारण नसताना, जोरात हाक मारली, "बाबाऽ!"

"आलो गं, आलो," म्हणत बाबा तिच्याकडे निघाले.